मृत शहर आणि जिवंत स्मृती : गोगँच्या 'नोआ नोआ'मधील पापेएते

१

पॉल गोगँ (१८४८–१९०३) या फ्रेंच चित्रकाराचा १८९१ सालचा ताहितीप्रवास हा आधुनिक चित्रकलेच्या इतिहासातील एक पायाभूत प्रसंग मानला जातो. या प्रवासातून निर्माण झालेल्या चित्रांची चर्चा विपुल झाली आहे. मात्र त्याच प्रवासावर आधारलेल्या 'नोआ नोआ' या गद्यकृतीकडे बहुधा चित्रांची टीप म्हणून किंवा चरित्राचे साधन म्हणून पाहिले गेले. ती एक रचलेली संहिता आहे, तिला तिचा स्वतःचा घाट आहे आणि या घाटामागे काही निश्चित हेतू आहेत, या बाजूने तिचा विचार तुलनेने उशिरा सुरू झाला.

या संहितेत पापेएते या बंदराच्या शहराला मिळालेले स्थान वरवर पाहता गौण आहे. निवेदक बोटीतून उतरतो, शहर पाहून त्याचा भ्रमनिरास होतो आणि तो बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरील माताइएआ येथे निघून जातो. 'खरी' ताहिती तेथे सुरू होते, असे वाचकाला सुचवले जाते. परंपरागत वाचनाने हा क्रम जसाच्या तसा स्वीकारला आणि पापेएतेचे प्रकरण प्रस्तावनेसारखे ओलांडून टाकले. या क्रमाचीच येथे तपासणी करावयाची आहे. पापेएते हे 'नोआ नोआ'मधील प्रवासाचे केवळ पहिले ठाणे नाही. त्या शहराला मृत ठरवण्याच्या कृतीवरच पुढील सर्व निवेदनाची इमारत उभी आहे. ही कृती संहितेबाहेरच्या वस्तुस्थितीशी आणि संहितेच्या स्वतःच्या तर्काशीही विसंगत आहे. या विसंगतीचे काय करायचे, हा प्रश्न एका चित्रकाराच्या सच्चेपणापुरता मर्यादित राहत नाही. कलावंताच्या साक्षीला समीक्षेने कोणते मोल द्यावे, असा तो प्रश्न आहे.

२

प्रथम प्रवासाची परिस्थिती लक्षात घेणे आवश्यक आहे. गोगँ ताहितीला गेला तो फ्रेंच शासनाच्या शिक्षण व ललितकला खात्याने दिलेली एक बिनपगारी 'कलामोहीम' पदरात घेऊन. प्रवासखर्चासाठी फेब्रुवारी १८९१ मध्ये पॅरिसमध्ये त्याच्या चित्रांचा लिलाव झाला. त्या निमित्ताने ऑक्ताव्ह मिर्बो याचा गौरवलेख आणि झ्यूल ह्युरे याने घेतलेली मुलाखत वृत्तपत्रातून प्रसिद्ध झाली. संस्कृतीच्या प्रभावापासून मुक्त होण्यासाठी आपण जात आहोत, असे गोगँने त्या मुलाखतीत सांगितले होते. म्हणजे प्रवासाचा अर्थ प्रवासापूर्वीच छापून झाला होता. पॅरिसच्या वाचकापुढे एक वचन दिले गेले होते आणि ताहितीने ते पुरे करावयाचे होते.

१ एप्रिल १८९१ रोजी मार्सेयहून निघालेला गोगँ नुमेआमार्गे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पापेएतेला पोचला. हाती अधिकृत पत्र होते आणि फ्रेंच अधिकाऱ्यांनी त्याचे रीतसर स्वागत केले. ताहिती १८८० पासूनच फ्रान्सची वसाहत होती. राजा पोमारे पाचवा याने त्याच वर्षी सत्ता फ्रान्सकडे सोपवली होती. गव्हर्नरची कचेरी, लष्करी ठाणे, चर्च, युरोपीय व चिनी व्यापाऱ्यांची दुकाने, मिश्रवंशीय कुटुंबे आणि ताहिती लोक यांनी मिळून हे छोटे, भर उन्हातले शहर बनले होते. गोगँ तेथे सुमारे तीन महिने राहिला आणि व्यक्तिचित्रांची कामे मिळवून उपजीविका करण्याचा त्याने प्रयत्न केला. सुझान बॅम्ब्रिज हिचे १८९१ मधील व्यक्तिचित्र हे त्या प्रयत्नाचे एक फळ. परंतु अशा कामांवर गुजराण होण्याची चिन्हे दिसेनात. शहर सोडण्यामागे हे व्यावहारिक कारणही होते.

'नोआ नोआ'मध्ये हे तीन महिने आखडून एका नाट्यमय प्रसंगाभोवती गोळा केलेले आहेत. हा प्रसंग म्हणजे राजा पोमारे पाचवा याचा मृत्यू. गोगँ पोचल्यानंतर अवघ्या काही दिवसांत, १२ जून १८९१ रोजी, राजा वारला. निवेदक या मृत्यूचा अर्थ लावतो तो असा की राजाबरोबर जुन्या ताहितीचे अखेरचे अवशेष संपले, आता उरली ती केवळ युरोपची नक्कल. येथे काळाची एक लक्षणीय उलथापालथ होते. सत्तेचे हस्तांतर ११ वर्षांपूर्वीच झालेले होते, त्यामुळे राजाच्या मृत्यूने राजकीयदृष्ट्या फारसे काही बदलले नव्हते. तरीही निवेदनात इतिहासाचा शेवट निवेदकाच्या आगमनाशी जुळवून घेतला जातो. तो आला आणि युग संपले. वसाहतीकरणाची दीर्घ आणि दस्तऐवजांनी भरलेली प्रक्रिया या रीतीने एका शोकांत क्षणात रूपांतरित होते; आणि शोकाला जबाबदार कोणी नसते.

या पहिल्या मृत्यूमागोमाग संहितेत आणखी दोन मृत्यू येतात. दुसरा मृत्यू शहराचा आहे. पापेएते संस्कृतीने बाटलेले, म्हणून कलावंतापुरते मृत ठरते. तिसरा मृत्यू निवेदकाच्या अंतर्यामी घडतो. एका ताहिती तरुणासोबत डोंगरात लाकूड तोडण्यास गेला असता झाडावर घाव घालताना आपल्यातील जुना सुसंस्कृत माणूस नष्ट झाला आणि परतताना आपण 'माओरी' झालो, असे तो सांगतो. राजा, शहर आणि युरोपीय 'मी' अशी ही चढती मालिका आहे. तिन्ही मृत्यूंनंतर जो पुनर्जन्म होतो तो मात्र एकट्या निवेदकाचा. दीक्षाविधीच्या कथांचा हा परिचित आकृतिबंध आहे, आणि त्यात पापेएतेचे कार्य ओलांडण्याच्या उंबरठ्याचे आहे. निसर्गाच्या प्रखर रंगांनी डोळे दिपून गेल्याची कबुली निवेदक देतो ती माताइएआत, पापेएतेत नव्हे. शहरावर पडणारे ऊनही त्याच बेटाचे होते. परंतु मृत ठरवलेल्या जागेत डोळे दिपणे आकृतिबंधाला परवडणारे नव्हते.

३

या आकृतिबंधाचा आंतरिक तर्क दोन स्त्रीव्यक्तिरेखांच्या चित्रणात उघडा पडतो. पहिली तिती. पापेएतेतील ही मिश्रवंशीय तरुणी निवेदकाबरोबर माताइएआला जाते, परंतु लवकरच तो तिला परत पाठवतो. कारण स्पष्टपणे दिलेले आहे : ती अर्धी गोरी आहे, युरोपीयांच्या सहवासाने तिच्यातील वांशिक वेगळेपण नाहीसे झाले आहे, आणि जे जाणून घेण्याची निवेदकाला ओढ आहे ते ती देऊ शकत नाही. तिती ही पापेएतेचीच प्रतिमा आहे. मिश्रता म्हणजे अज्ञान आणि शुद्धता म्हणजे ज्ञान, हे समीकरण येथे घातले जाते. शहराचा गव्हर्नर लाकास्काद हा मूळचा ग्वादलूप बेटावरचा कृष्णवर्णीय अधिकारी. त्याचा उल्लेखही त्याच्या वर्णाकडे बोट दाखवूनच होतो. आदिमतेच्या शोधात निघालेला हा निवेदक वर्णाची मोजपट्टी पॅरिसहून बरोबर घेऊन आला आहे.

दुसरी व्यक्तिरेखा राणी मारौची. राजाच्या अंत्यविधीची सजावट पाहण्याची विनंती निवेदकाला करण्यात येते, तेव्हा तो राणीकडे निर्देश करतो. आपल्या वंशाच्या उपजत जाणिवेने ती ज्याला हात लावील त्याची कलाकृती होते, असे तो म्हणतो. येथे संहितेचा तर्क स्वतःविरुद्ध जातो. मारौ ही अलेक्झांडर सॅमन या इंग्लंडहून आलेल्या यहुदी व्यापाऱ्याची आणि आरिई ताइमाई या तेवा कुळातील थोर ताहिती स्त्रीची मुलगी. रक्ताच्या हिशेबाने पाहिले तर तितीइतकीच 'अर्धी गोरी', आणि पापेएतेच्या दरबारी जीवनात तितीपेक्षा कितीतरी अधिक मुरलेली. एकीची मिश्रता तिला अपात्र ठरवते, दुसरीची मिश्रता दिसेनाशी होऊन तिच्या ठिकाणी वंशाची शुद्ध उपजतबुद्धी दिसू लागते. म्हणजे शुद्धता ही निवेदकाला आढळलेली वस्तुस्थिती नाही. निवेदनाच्या गरजेनुसार ती कोणाला बहाल केली जाते आणि कोणाकडून काढून घेतली जाते.

याहून महत्त्वाचे असे की मारौला जे दिले जाते ते 'उपजत' आहे. तिला हात आहेत, देह आहे, लय आहे; स्मृती, इतिहास आणि भाषा नाही. ज्या स्त्रीला निवेदक फुलापानांची मांडणी करताना पाहतो, ती त्याच वर्षी, त्याच बेटावर, अगदी निराळ्या कामात गुंतलेली होती.

४

गोगँच्या आगमनापूर्वी काही महिने, फेब्रुवारी १८९१ मध्ये, अमेरिकन इतिहासकार हेन्री ॲडम्स आणि चित्रकार जॉन ला फार्ज हे दोघे ताहितीला आले होते. जूनच्या आरंभी ते निघून गेले. गोगँशी त्यांची गाठ काही दिवसांच्या अंतराने चुकली. त्या मुक्कामात ॲडम्सची मारौच्या कुटुंबाशी जवळीक झाली, कुळात त्याला नाव देऊन सामावून घेण्यात आले, आणि वृद्ध आरिई ताइमाई हिच्या तोंडून कुळांच्या वंशावळी, भांडणे, गीते आणि आख्यायिका त्याने टिपून घेतल्या. आई ताहिती भाषेत सांगत असे आणि मारौ इंग्रजीत ते समजावून देत असे. यातून १८९३ मध्ये मारौ ताआरोआच्या आठवणी म्हणून एक ग्रंथ अगदी मोजक्या प्रतींत खासगीरीत्या छापला गेला. १९०१ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आरिई ताइमाईच्या नावाने निघाली. 'नोआ नोआ'चा पहिला मसुदाही १८९३ सालचाच आहे.

या दोन ग्रंथांचे सहअस्तित्व हा केवळ योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा भाग नाही. सॅमन घराण्याचे ठाणे असलेला पापारा हा जिल्हा पापेएतेहून माताइएआकडे जाणाऱ्या किनारी वाटेवर, माताइएआच्या शेजारीच आहे. शहरात स्मृती मेली म्हणून जो प्रवासी दक्षिणेकडे निघाला, तो स्मृती सांगणाऱ्यांच्या दारावरून गेला. त्या स्मृतीला गाठण्यासाठी अरण्यात शिरण्याची आवश्यकता नव्हती. आवश्यकता होती ती भाषा शिकण्याची, वेळ देण्याची आणि सांगणारीला जाणकार मानण्याची. गोगँला ताहिती भाषेचे धडे देणारा नौदल अधिकारी झेनो याने पुढे लिहिलेल्या आठवणींवरून असे दिसते की भाषा शिकणे गोगँला जड गेले. याच आठवणींत आणखी एक बाब आहे. गोगँचे लांब केस पाहून पापेएतेचे लोक त्याला 'पुरुष-स्त्री' या अर्थाच्या ताहिती शब्दाने संबोधीत. ज्याला मृत म्हटले ते शहर पाहत होते, हसत होते आणि नाव ठेवत होते.

शहराच्या नावातही स्मृती होती. 'पापे' म्हणजे पाणी आणि 'एते' म्हणजे टोपली. परंतु पाण्यासाठी जुना ताहिती शब्द 'वाई' असा होता; तो राजाच्या एका नावात असल्याने निषिद्ध ठरला आणि त्याच्या जागी 'पापे' रूढ झाला. राजाच्या नावातील शब्द बोलीतून वगळण्याची ही ताहिती प्रथा शहराच्या नावातच गोठलेली आहे. पोमारे घराण्याचा इतिहास वाचण्यासाठी पापेएतेच्या नावाची फोडही पुरेशी होती. ताहिती ही एव्हाना लिखित भाषाही झाली होती. हेन्री नॉट याचा बायबलचा ताहिती अनुवाद १८३८ मध्ये छापून झाला होता. मिशनऱ्यांनी बरेच काही नष्ट केले हे खरे. परंतु नष्ट करणाऱ्यांच्या कागदपत्रांतच बरेच काही नोंदलेही गेले. ऑर्समंड या मिशनऱ्याने जमवलेल्या मौखिक सामग्रीवरून त्याची नात तेउइरा हेन्री हिने सिद्ध केलेला प्राचीन ताहितीविषयीचा ग्रंथ होनोलुलू येथून १९२८ मध्ये प्रसिद्ध झाला. ताहितीची स्मृती संकटात होती, विखुरलेली होती, मिश्र रूपात होती. ती मृत नव्हती. मिश्र रूपातील स्मृतीला स्मृती न मानणे हा 'नोआ नोआ'चा मूळ निर्णय आहे.

५

मग 'नोआ नोआ'मधील देवकथा आल्या कोठून? संहितेचे उत्तर असे की त्या तेहामानाच्या तोंडून आल्या. पूर्व किनाऱ्यावरील फाआओने येथे एका स्त्रीने आपली मुलगी निवेदकाला दिली. तिचे वय सुमारे १३ वर्षांचे होते असे तो स्वतःच सांगतो. पुढील आवृत्तीत तिचे नाव तेहुरा होते. रात्रीच्या संवादांत ती त्याला ताऱ्यांविषयी आणि लुप्त देवांविषयी सांगते. पुरुषांनी विसरलेले देव स्त्रियांच्या स्मृतीत आश्रयाला राहिले आहेत, अशी भूमिका निवेदक घेतो.

वस्तुस्थिती निराळी आहे. १८९२ मध्ये गोगँने गुपिल या ताहितीस्थित फ्रेंच वकिलाकडून जाक-आँत्वान मोरेनहूट याचा १८३७ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रवासग्रंथ मिळवला आणि त्यातील पुराणकथांचे उतारे एका सचित्र वहीत उतरवून घेतले. 'माओरींचा प्राचीन धर्म' अशा अर्थाचे शीर्षक असलेली ही वही रने युइग याने १९५१ मध्ये प्रतिरूप आवृत्तीत प्रसिद्ध केली, तेव्हा हे ऋण स्पष्ट झाले. तेहामाना ख्रिस्ती वातावरणात वाढलेली मुलगी होती. मोरेनहूटने ते ज्ञान एका वृद्ध पुरोहिताकडून मिळवलेले होते. म्हणजे प्रवास असा घडला : पुरोहिताकडून व्यापाऱ्याकडे, व्यापाऱ्याकडून छापील ग्रंथात, ग्रंथातून वसाहतीतील वकिलाच्या कपाटात, कपाटातून चित्रकाराच्या वहीत, आणि मग वहीतून एका अल्पवयीन मुलीच्या ओठांवर. पापेएतेच्या वसाहती समाजाने पुरवलेले पुस्तक, पापेएतेचा मागमूस पुसून, शय्येवरील कुजबुज म्हणून सादर केले गेले.

या ठिकाणी स्वायत्ततावादी समीक्षा एक आक्षेप घेईल. कलाकृतीला वास्तवाच्या कसोटीवर तोलणे हा प्रकारदोष आहे. निवेदक म्हणजे लेखक नव्हे. उसनवारी कोणत्या साहित्यात नाही? या आक्षेपातील तथ्य नाकारण्याचे कारण नाही. मोरेनहूटचा आधार घेतला म्हणून 'नोआ नोआ' हीन ठरत नाही. परंतु ही संहिता कल्पित म्हणून स्वतःला सादर करीत नाही. प्रथमपुरुषी निवेदन, प्रत्यक्ष स्थळनामे, ओळखता येणाऱ्या व्यक्ती आणि तारखेने बांधलेला राजाचा मृत्यू यांच्या साहाय्याने ती वाचकाशी साक्षीचा करार करते. तिची परिणामकारकता या करारावरच अवलंबून आहे. प्येर लोतीची ताहितीवरील कादंबरी १८८० मध्येच निघाली होती आणि युरोपीय पुरुष व ताहिती मुलगी यांच्या सहजीवनाची कथा पॅरिसला नवीन नव्हती. लोतीहून वेगळे ठरण्यासाठी गोगँला कादंबरी नको होती, प्रत्यय हवा होता. साक्षीचे मोल वसूल करावयाचे आणि जाब विचारला की कल्पिताच्या आश्रयाला जावयाचे, ही मुभा समीक्षेने देऊ नये. आणि या व्यवहारात खर्च होते ते कोणाचे, हेही विचारणे प्राप्त आहे. तेहामानाच्या तोंडी जे घातले गेले ते तिचे नव्हते. तिचे जे होते ते कोठेही नोंदले गेले नाही.

६

'नोआ नोआ'च्या पाठचिकित्सेचा इतिहासही या संदर्भात उद्बोधक आहे. १८९३ चा मसुदा गोगँने कवी शार्ल मोरीस याच्या सहकार्याने विस्तारला. या सहयोगी संहितेचे भाग १८९७ मध्ये 'ला रव्ह्यू ब्लांश' या नियतकालिकात आले आणि १९०१ मध्ये पुस्तक निघाले. देवकथांचा विस्तार याच टप्प्यावर वाढला. मूळ मसुद्याची प्रतिरूप आवृत्ती १९५४ मध्ये प्रसिद्ध झाल्यानंतर अभ्यासकांचा कौल मसुद्याकडे वळला : मोरीसने अलंकारिकतेने बिघडवण्यापूर्वीचा, ओबडधोबड पण अस्सल गोगँ तेथे भेटतो, अशी धारणा रूढ झाली.

संपादनाच्या दृष्टीने मसुद्याचे महत्त्व निर्विवाद आहे. मात्र या धारणेची भाषा ओळखीची आहे. मोरीस म्हणजे संहितेचे पापेएते. त्याला ओलांडून आत गेले की अस्पर्शित मूळ हाती लागते, असा हा विश्वास. वस्तुतः तो मसुदाही पॅरिसमध्ये, चित्रप्रदर्शनाच्या आगेमागे, पॅरिसच्या वाचकासाठी लिहिला गेला होता. राजाचा मृत्यू, तितीची हकालपट्टी आणि झाड तोडण्याचा दीक्षाविधी हा सांगाडा मसुद्यातच सिद्ध आहे. ओबडधोबडपणा हीही एक शैली असते. आदिमवादाची चिकित्सा करणाऱ्या समीक्षेने अस्सल मसुद्याच्या शोधात आदिमवादाचीच पुनरावृत्ती करावी, हा विरोधाभास नजरेआड करता येत नाही.

हाच धोका दुसऱ्या दिशेनेही संभवतो. एडवर्ड सैद यांच्या 'ओरिएंटॅलिझम' (१९७८) नंतर, विशेषतः ॲबिगेल सॉलोमन-गोडो यांचा १९८९ मधील लेख आणि ग्रिसेल्डा पोलॉक यांचे १९९०च्या दशकारंभीचे विवेचन यांनी गोगँच्या मिथकाची निर्मम चिरफाड केली. हे कार्य आवश्यक होते. परंतु चिकित्सेचा सर्व प्रकाश गोगँवरच स्थिरावला की ताहिती पुन्हा पार्श्वभूमीला जाते. पूर्वी ती नायकाची पार्श्वभूमी होती, आता खलनायकाची. संहिता केवळ आतून विरचित करून तिच्याबाहेर काय होते हे कळत नाही. तिच्या शेजारी दुसरी संहिता ठेवावी लागते. मारौ आणि आरिई ताइमाई यांच्या आठवणींचा ग्रंथ 'नोआ नोआ'च्या शेजारी ठेवला की 'मृत शहर' हे विधान एका विशिष्ट निवेदकाचे, विशिष्ट हेतूने केलेले विधान ठरते.

अर्थात हा शेजारचा ग्रंथही निर्दोष साक्ष नाही. त्यातील 'मी' आरिई ताइमाईची असली तरी लेखणी ॲडम्सची आहे. युरोपीय प्रवाशांच्या ग्रंथांतील माहितीही त्यात मिसळली आहे. एका सरदार घराण्याची बाजू त्यात मांडली गेली आहे, आणि पोमारे घराण्याविषयीचा जुना आकस त्यातून लपत नाही. मारौच्या स्वतःच्या आठवणी तर १९७१ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर ३६ वर्षांनी, प्रकाशित झाल्या. परंतु या अपूर्णतेचे स्वरूप निराळे आहे. येथे सांगणारी ओळखता येते, तिचे हितसंबंध ओळखता येतात, तिच्याशी वाद घालता येतो. 'नोआ नोआ'मधील तेहुराशी वाद घालता येत नाही, कारण बोलणारी ती नाही.

७

गोगँचा स्वतःचा पुढील इतिहास पाहता पापेएतेने त्याला कधी सोडले नाही, किंवा त्याने पापेएतेला सोडले नाही. १८९५ मध्ये तो ताहितीला परतला. १८९८ मध्ये पापेएतेच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात त्याने नकाशे काढण्याची नोकरी केली. १८९९ पासून 'ले गेप' या तेथील पत्रात तो लिहू लागला, पुढे ते संपादितही केले. 'ल सूरीर' हे स्वतःचे पत्रही त्याने चालवले. १९०० मध्ये पापेएतेच्या नगरभवनात त्याने चिनी रहिवाशांविरुद्ध भाषण केले. म्हणजे 'नोआ नोआ'त जुना युरोपीय माणूस मारून टाकल्याचे जाहीर करणारा लेखक वसाहती शहराच्या गटबाजीत पूर्णपणे सामील झाला होता. ८ मे १९०३ रोजी मार्केसास द्वीपसमूहातील हिवा ओआ येथे तो वारला. त्याच्या काही वस्तूंचा लिलाव झाला तो पापेएतेतच. त्या लिलावात खरेदी करणाऱ्यांत व्हिक्टर सेगालॅन हा नौदलातील तरुण डॉक्टर होता. त्याने १९०७ मध्ये टोपणनावाने प्रसिद्ध केलेल्या 'ले इमेमोरियो' या कादंबरीचा विषय मौखिक वंशावळीतील शब्द विसरणाऱ्या ताहिती पठणकर्त्याचा आहे. विस्मरण ही घटना म्हणून तपासण्याचे, ते कोणाच्या हातून आणि कोणत्या दडपणाखाली घडते हे पाहण्याचे काम तेथे सुरू होते. तरीही तेथे बोलतो तो फ्रेंच लेखकच.

गोगँच्या आगमनाला बरोबर १०० वर्षे झाली त्या वर्षी, १९९१ मध्ये, शांताल स्पिट्झ या ताहिती लेखिकेची चिरडलेल्या स्वप्नांच्या बेटाविषयीची कादंबरी प्रसिद्ध झाली. ती फ्रेंचमध्ये आहे, तिच्यात ताहिती भाषाही आहे, आणि अणुचाचण्यांच्या काळातील वसाहती वास्तव हा तिचा विषय आहे. 'नोआ नोआ'च्या निकषाने पाहिले तर ही मिश्र, बाटलेली, पापेएतेची संहिता. स्मृती जगते ती बहुधा अशाच रूपात.

तेहामानाविषयी समीक्षेला फार काही करता येणार नाही. तिचे शब्द उपलब्ध नाहीत, आणि सद्हेतूने का होईना तिला नवा आवाज बहाल करणे म्हणजे गोगँचीच कृती पुन्हा करणे होय. परंतु १८९३ मधील एक चित्र आहे, जे आज शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. त्याच्या ताहिती शीर्षकाचा अर्थ तेहामानाला पुष्कळ आईबाप आहेत असा होतो. मागील भिंतीवर ईस्टर बेटाच्या लिपीसारखी चिन्हे आणि एका देवतेची आकृती आहे. ती चित्रकाराची भर आहे. तेहामाना मात्र मिशनऱ्यांनी रूढ केलेला, गळ्यापर्यंत बंद असा पट्ट्यापट्ट्यांचा झगा घालून, हातात पंखा धरून बसली आहे. गद्याने जे शहर बेटाबाहेर हाकलले ते या झग्यात परत आले आहे. 'नोआ नोआ'चे वाचन या झग्यापासून सुरू करणे अधिक न्याय्य ठरेल.